बिअर्डेड ड्रॅगन आणि ब्लू-टंग एकाच टाकीत ठेवावेत का?

यारा_काठ

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नला असतो. लेकाकडे गेली काही वर्षं एक बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, आहे. नर आहे, पूर्ण वाढलेला, तब्येतीने उत्तम. टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आता ओळखीतलं एक कुटुंब कायमचं भारतात परत चाललंय आणि त्यांच्याकडची ईस्टर्न ब्लू-टंग (निळ्या जिभेचा सरडा) कोणीतरी घ्यावी म्हणून विचारतायत. तीही मोठी आहे, बहुधा मादी. लायसन्सचं आम्ही बघून घेतलंय. इथे देशी प्राण्यांना परवाना लागतो आणि परदेशी सरपटणारे प्राणी पाळायला तर बंदीच आहे, त्यामुळे त्या बाबतीत काही गडबड नाही.

प्रश्न जागेचा आहे. लेकाचं म्हणणं असं की दोघेही ऑस्ट्रेलियाचे, दोघांना गरम दिवा लागतो, दोघांना यूव्हीबी (अतिनील किरण) लागतो, दोघेही पालाही खातात आणि किडेही, मग दुसरी टाकी कशाला? एका दुकानातही आम्हाला "चालेल, आकार सारखा असला की भांडत नाहीत" असंच सांगितलं. नवऱ्याचंही मत एकाच टाकीकडे झुकतंय, कारण हिवाळ्यातलं विजेचं बिल.

मला मात्र आतून पटत नाहीये. पण "पटत नाही" हे काही कारण होत नाही. कोणाला अनुभव असेल तर नीट कारणांसकट सांगा, म्हणजे लेकालाही दाखवता येईल.

निळावंती

माझ्या मावसबहिणीकडे सिडनीला दोन बिअर्डी एकाच टाकीत आहेत. एकमेकांच्या पाठीवर चढून झोपतात, इतकं प्रेम आहे! वेगळ्या जातीचं माहीत नाही, पण सोबत मिळाली तर बरंच वाटत असेल ना त्यांना? एकटं राहून कंटाळा येत असेल.

रानभैरी

यारा_काठ ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण तुम्ही निवडलेली जोडी सोपी नाही. वाळवंटातला प्राणी आणि पावसाळी जंगलातला प्राणी असे असते तर उत्तर एका ओळीत संपलं असतं. इथे हवामान खरोखरच बरंचसं जुळतं. बिअर्डीला उन्हाच्या जागी ३८ ते ४२ अंश लागतात, ब्लू-टंगला ३२ ते ३८ अंश पुरतात. थंड बाजू दोघांनाही पंचवीसच्या आसपास चालते. ईस्टर्न ब्लू-टंगला थोडा जास्त दमटपणा सोसतो आणि आवडतो, बिअर्डी कोरड्या मधल्या प्रदेशातला आहे. पण हे फरक सांभाळता येण्यासारखे आहेत. म्हणूनच लोक फसतात. थर्मामीटर म्हणतो "ठीक आहे", आणि मग बाकीचं कोणी बघत नाही.

आधी निळावंती यांच्या प्रतिसादाबद्दल लिहितो, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. पाठीवर चढणं म्हणजे प्रेम नाही. दिवा एक, त्याच्याखालचा दगड एक, आणि उष्णता व यूव्हीबी सगळ्यात जास्त वरच्याला मिळते. जो वर बसतो तो जागा बळकावतो. जो खाली दबतो त्याला पळून जायला टाकीत जागाच नसते, म्हणून तो तसाच पडून राहतो. सरड्याला अंगातली उष्णता स्वतः तयार करता येत नाही. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, यूव्हीबी मिळाला नाही तर कॅल्शियम हाडात जात नाही. म्हणजे दिव्याखालची जागा गमावणं हे त्याच्यासाठी हळूहळू उपाशी राहणं आहे. पुढ्यात वाटीभर खाणं असलं तरीही.

बिअर्डेड ड्रॅगनच्या डोक्यावर एक छोटासा तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की शरीर सावध होतं, कारण रानात वरून येणारी सावली शिकारी पक्ष्याची असते. आता चार फुटाच्या पेटीत दुसरा जड प्राणी त्याच्या अंगावरून ये-जा करतोय असं समजा. दिवसातून किती वेळा तो दचकत असेल?

आणि तो दचकलेला तुम्हाला दिसणारही नाही. आजारी, घाबरलेला, हरलेला सरडा गप्प बसतो. कुत्र्यासारखा कुईं करत नाही, मांजरासारखा पलंगाखाली जाऊन बसत नाही. "अगदी शांत आहेत दोघं" असं लोक कौतुकाने सांगतात तेव्हा मला काळजी वाटते.

यारा_काठ

रानभैरी, धन्यवाद. सावलीचं हे माहीतच नव्हतं. पण मग ताण आलाय हे ओळखायचं कशावरून?

रानभैरी

बिअर्डीत काही खुणा स्पष्ट असतात. दाढी काळी होणं, पोटावर गडद रेषा उमटणं, काचेवर पुढचे पाय घासत राहणं, सतत एकाच कोपऱ्यात बसणं, दुसऱ्याला बघून एक हात हळू हळू हलवणं. हा हात हलवणं बघून लोक "टाटा करतोय" म्हणून व्हिडिओ काढतात. तो सांगत असतो की मी लहान आहे, मला मारू नकोस.

ब्लू-टंगचं कठीण. ती फुगते, फुत्कारते, निळी जीभ काढते, ते तात्पुरत्या भीतीचं. कायमच्या ताणात ती फक्त लपून राहते आणि खाणं कमी करते. आणि ब्लू-टंग तशीही बराच वेळ लपलेलीच असते! म्हणून वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. डोळे फसतात, काटा फसत नाही.

ॲडलेडकर

थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे मागच्या अंगणात उघडं आवार आहे, इथले लोक त्याला पिट म्हणतात. पत्र्याची गुळगुळीत भिंत, वर मांजरं आणि कावळ्यांसाठी जाळी, आत दगडांचे ढिगारे, पोकळ ओंडके, जुने पत्रे, झुडपं. त्यात शिंगलबॅक (ब्लू-टंगच्या जवळचाच एक सरडा) आणि बिअर्डी एकत्र आहेत. ऊन खऱ्या सूर्याचं, त्यामुळे "दिव्याखालची एक जागा" हा प्रश्नच येत नाही. सकाळी प्रत्येक जण आपापला दगड गाठतो. ॲडलेडचा उन्हाळा कोरडा, तो दोघांनाही मानवतो.

त्यामुळे "कधीच नाही" असं मी म्हणणार नाही. पण हेही स्पष्ट सांगतो की हे करताना मी कुठे तडजोड केली नाही. सगळे प्राणी पूर्ण वाढलेले. बिअर्डीचा नर एकच. नवीन प्राणी आला की आधी कित्येक महिने घरात वेगळा. ऊन खायच्या जागा प्राण्यांच्या संख्येपेक्षा जास्त. एकमेकांना न दिसता राहता येईल अशा आडोशांची रेलचेल. आणि प्रत्येकासाठी घरात एक रिकामी पेटी तयार, काही बिनसलं तर त्याच दिवशी बाहेर काढता यावं म्हणून.

ही शेवटची अट लोक विसरतात. ज्याच्याकडे दुसरी टाकी नाही त्यानेच एकत्र ठेवायचा विचार केलेला असतो. आणि एकत्र ठेवायचं तर दुसरी टाकी हाताशी लागतेच.

चार फुटाच्या टाकीत? अजिबात नाही.

निळावंती

शिंगलबॅक म्हणजे ते पाइनच्या फळासारखं दिसणारं ना? ते जोडीने राहतात असं वाचलं होतं. मग सरपटणाऱ्यांना सोबत नको असते हे कसं?

ॲडलेडकर

बरोबर वाचलंय तुम्ही. आमच्याच राज्यात, दक्षिण ऑस्ट्रेलियात, माउंट मेरी या गावाजवळ, फ्लिंडर्स विद्यापीठाच्या प्रा. मायकेल बुल यांनी १९८२ पासून अनेक दशकं शिंगलबॅकचा पाठपुरावा केला. वसंतात नर-मादी काही आठवडे एकत्र फिरतात, मग वेगळे होतात, आणि पुढच्या वसंतात बरेचदा तेच जोडीदार पुन्हा एकमेकांना शोधून काढतात. काही जोड्या वीस वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या नोंदल्या आहेत. ब्लू-टंगच्याच कुळातले (या कुळाला स्किंक म्हणतात) काही सरडे तर दगडांच्या कपारीत आई-बाप-पिल्लं असे कुटुंब करून राहतात.

म्हणजे त्यांना समाज नसतो असं म्हणणं चूकच आहे. पण तो समाज स्वतःच्या जातीचा, आणि तोही स्वतः निवडलेला. शिंगलबॅकला बिअर्डीची सोबत वाटते असं मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नाही. माझ्या आवारात ते एकमेकांना टाळतात. त्यांना टाळता येतं, इतकंच मी त्यांना दिलंय.

पशुवैद्यक_कोथरूड

मी पुण्यात पशुवैद्यक आहे, कुत्र्यामांजरांबरोबर विदेशी प्राणीही बघते. वागणुकीबद्दल वरती उत्तम लिहिलंय, त्यात भर घालत नाही. मला रोगांबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि तो कितीही मोठी जागा दिली तरी पूर्ण जात नाही.

एक जंतू एका जातीच्या पोटात निवांत राहतो आणि दुसऱ्या जातीचा जीव घेतो. हे अपवादाने होत नाही, सरपटणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार दिसतं. सगळ्यात जुनं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जाणारं उदाहरण एंटामीबा इन्व्हेडन्स या एकपेशीय जीवाचं. कासवं तो विष्ठेतून टाकत राहतात आणि स्वतः बहुधा धडधाकट असतात. तोच पाण्याच्या भांड्यातून साप किंवा मांसाहारी सरड्याच्या पोटात गेला की आतड्याला व्रण, रक्ती हगवण, यकृतात गळवं. वेळेत कळलं तर औषध आहे. पण कळेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो, कारण रानभैरी म्हणतात तसं हे प्राणी शेवटपर्यंत गप्प असतात.

सापांतही तेच. बोआ जातीचे साप ज्या विषाणूसोबत बराच काळ वरवर ठणठणीत राहू शकतात, त्याच विषाणूने अजगर जातीचे साप लवकर आणि वाईट पद्धतीने दगावतात. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये एडिनोव्हायरस फार पसरलेला आहे, आणि मोठा प्राणी काही लक्षण न दाखवता तो बाळगू शकतो.

तुमच्या देशातलंच एक उदाहरण देते, कारण ते पाळीव प्राण्यांचं नसूनही या धाग्याशी त्याचा थेट संबंध आहे. न्यू साउथ वेल्समधल्या बेलिंजर नदीत २०१५ च्या फेब्रुवारीत कासवं मरायला लागली. डोळे सुजलेले, आंधळी झालेली, अंगात त्राण नसलेली अशी ती काठावर सापडत होती. चारशेहून अधिक मेलेली मोजली गेली. ही जात जगात त्या एका नदीतच आहे. कारण निघालं एक नवा निडोव्हायरस. आणि त्याच नदीत, त्याच पाण्यात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या कासवांना जवळपास काही झालं नाही. दोन जाती, एकच पाणी, एकच विषाणू. एक जात नामशेष होण्याच्या काठावर गेली आणि दुसरी पोहत राहिली.

आता तुमच्या घरात येणारी ब्लू-टंग दुसऱ्या घरातून येतेय. ती दिसायला निरोगी असेल, खात-पीत असेल. त्यावरून तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. तिची विष्ठा तपासून घ्या, एकदा नव्हे, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, तो अधूनमधूनच विष्ठेत दिसतो. त्याच्यावर खात्रीचा उपाय नाही आणि घरातल्या साध्या जंतुनाशकाने तो मरत नाही. एकदा टाकीत शिरला की मातीच नाही, लाकूड-दगडसुद्धा टाकून द्यावे लागतात.

यारा_काठ

वाचून पोटात गोळाच आला. ताई, एक विचारते. शेजारच्या काकूंकडे लांब मानेचं कासव आहे, लेक त्याला खाऊ घालायला जातो आणि घरी येऊन तसाच बिअर्डीला हातात घेतो. हेही थांबवायला हवं का?

पशुवैद्यक_कोथरूड

जाऊ द्या त्याला, पण मध्ये साबणाने हात धुतलेच पाहिजेत. कासवाची भांडी, ब्रश, पाण्याचा मग वेगळं. घरात नवीन प्राणी आल्यावर आधी जुन्याचं करायचं, मग नव्याचं, उलट नाही. आणि हात धुणं तुमच्यासाठीही आहे. साल्मोनेला हे प्राणी सहज बाळगतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

घोडबंदर

चांगला धागा. आमच्याकडे ठाण्यात लाल कानाचं कासव आहे, दुकानातून आणलेलं. पुतण्याने कुठूनतरी एक चांदण्यांच्या पाठीचं कासव आणलंय. दोघंही कासवंच आहेत म्हणून एकाच काचेच्या टाकीत ठेवलीत, अर्धं पाणी, अर्धे दगड. चांदण्यांवालं सारखं दगडावर चढून बसतं आणि नाकातून पाणी येतंय. काही औषध?

पशुवैद्यक_कोथरूड

घोडबंदर, आधी त्याला आत्ता लगेच पाण्यातून बाहेर काढा. प्रतिसाद नंतर वाचा.

तुम्ही वर्णन करताय ते भारतीय तारा कासव. ते जमिनीवरचं आहे, कोरड्या गवताळ आणि काटेरी झुडपांच्या प्रदेशातलं. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. ओलसर टाकीत ठेवलं की फुप्फुसांना संसर्ग होतो, नाकातून येणारं पाणी त्याचंच लक्षण असू शकतं. लाल कानाचं स्लायडर पाण्यातलं आहे, मिळेल ते खातं, आणि हलणाऱ्या पायाला चावाही घेतं. दोघांना "कासव" म्हणतात यापलीकडे त्यांच्यात राहणीचं काहीच सारखं नाही.

रानभैरी

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. तारा कासव घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. तस्करी इतकी वाढली की २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला पूर्ण मनाई. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. परस्पर कुठेतरी माळावर सोडू नका. आजारी प्राणी सोडला तर तो मरतो, आणि मरण्याआधी तिथल्या कासवांना काय देऊन जाईल सांगता येत नाही.

स्लायडरही तलावात सोडू नका, कृपा करून. ते मूळचं अमेरिकेतलं. फ्रान्समध्ये संशोधकांनी तिथल्या देशी तळ्यातल्या कासवांबरोबर स्लायडर ठेवून पाहिलं. ऊन खायच्या चांगल्या जागा स्लायडरनी घेतल्या, देशी कासवांचं वजन घटलं आणि ती जास्त मेली. मारामारी करून नाही, फक्त जागा अडवून. वर मी दिव्याखालच्या दगडाबद्दल लिहिलं तेच, तळ्याच्या मापाचं. युरोपीय संघाने तर १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली.

घोडबंदर

कायद्याचं खरंच माहीत नव्हतं. तारा कासव कोरड्या खोक्यात ठेवलंय. पुतण्याशी बोललो, उद्या सकाळी फोन करतो.

कात्रजकर

विषय थोडा वेगळा वाटेल, पण आठवलं म्हणून. आपल्या पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ तास ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत राहिले होते. नाग, घोणस, पट्टेरी मण्यार, सगळे एकत्र. मग साप एकत्र राहू शकतात असंच ना हे?

वारूळ

कात्रजकर, मी सर्पमित्र आहे आणि खैरे सरांबद्दल मनात फार आदर आहे. त्यांनीच पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं केलं, आणि माझ्यासारख्या कित्येकांनी साप पहिल्यांदा तिथे नीट पाहिले. पण त्या ७२ तासांतून त्यांना दाखवायचं होतं ते माणसांना: डिवचल्याशिवाय साप चावत नाही. सापांना एकत्र ठेवावं असं त्यातून निघत नाही. तीन दिवस ही घटना आहे. पाळणं म्हणजे वर्षानुवर्षं.

आणि मण्यारीचं मुख्य खाणंच दुसरे साप आहे. नागही साप खातो. नव्या सर्पमित्रांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. एकाच फेरीत दोन कॉल झाले की धामण आणि नाग एकाच पिशवीत टाकतात, "तासाभरात सोडायचेत तर". तासाभरात बरंच होतं. धामण चावली जाते, पिशवीत गुदमरतात, एकाच्या गोचिड्या दुसऱ्यावर जातात, आणि मग तो साप आपण वेगळ्या जागी सोडतो. वन विभागाला कळवणं, पकडल्या जागेच्या जवळ सोडणं आणि एका सापाला एक पिशवी, याला पर्याय नाही. पिशव्या काही महाग नसतात.

परदेशात किंगस्नेक आणि कॉर्नस्नेक एकत्र ठेवणारे असतात म्हणे. किंगस्नेक साप खाणाराच आहे. "आकार सारखा आहे" हे तिथेही सांगतात.

धनेश

पण प्राणिसंग्रहालयांत तर वेगवेगळ्या जाती एकत्र असतात की. आम्ही परदेशी एका ठिकाणी अल्डाब्रा बेटावरची प्रचंड कासवं आणि मोठे इग्वाना सरडे एकाच आवारात पाहिले होते. ते लोक काय चुकीचं करतात का?

ॲडलेडकर

चुकीचं नाही, पण त्यांच्याकडे काय काय असतं ते बघा. जागा खोलीएवढी किंवा मैदानाएवढी. रोज लक्ष ठेवणारा पगारी माणूस, स्वतःचा पशुवैद्यक, पलीकडे वेगळे ठेवायचे पिंजरे, महिनोन्‌महिने विलगीकरण. शिवाय जोडीही विचार करून निवडलेली असते. एक अवाढव्य गवत खाणारा, दुसरा वरच्या दगडांवर बसणारा, दोघांना एकमेकांकडून घेण्यासारखं काही नाही. तरीही अशा जोड्या मोडाव्या लागतात, फक्त पाहुण्यांना ते कळत नाही.

निसर्गातही तसंच. चंबळच्या वाळूवर घडियाल आणि मोठी कासवं शेजारी शेजारी ऊन खातात, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय आणि ते विसरता येत नाही. पण तिथे नदी मैलोन्‌मैल आहे. घडियालाने मान वळवली की कासव पाण्यात. टाकीत "पाण्यात" कुठे जाणार?

रानभैरी

यारा_काठ ताई, तुमच्या जोडीबद्दल नेमकं राहिलं होतं ते लिहितो.

ब्लू-टंगचा जबडा गोगलगायीचं कवच फोडण्यासाठी बनलाय. ती पकडली की सोडत नाही. खाण्याच्या वेळी बिअर्डीचा पंजा किंवा शेपटी तोंडाजवळ आली तर ती मुद्दाम हल्ला करतेय असं नसतं, तिला हललेलं काहीतरी खाणं वाटतं. बोट जातं. बिअर्डीची शेपटी तुटली तर पुन्हा येत नाही, आणि जखम चिघळली तर सडत वर चढते.

खाणं सारखं आहे असं लेक म्हणतो, त्यातही मेख आहे. मोठ्या बिअर्डीला मुख्यतः पाला हवा, किडे बेताचे. ब्लू-टंगला गोगलगायी, अंडं, थोडं मांस, भाज्या, फळ. एकत्र ठेवलंत तर बिअर्डी तिचं खाऊन लठ्ठ होईल, किंवा ती सगळ्या वुडीज (खाद्य म्हणून मिळणारी झुरळं) फस्त करेल आणि हा पाला चघळत बसेल. कोण काय खातंय ते तुम्हाला कधीच नीट कळणार नाही. विष्ठा कोणाची तेही कळणार नाही. डॉक्टरताई तपासणी म्हणतायत, ती करणार कोणाची?

आणि मेलबर्नचा हिवाळा. जून-जुलैत दोघेही मंदावतात, पण एकाच दिवशी नाही. बिअर्डी काही आठवडे ओंडक्याखाली झोपून राहतो. त्या वेळी त्याच्या टाकीत दुसरा जागा, भुकेला, फिरता प्राणी असणं मला अजिबात सहन होणार नाही. झोपलेल्याला पळता येत नाही.

एकत्र ठेवण्याने बिअर्डीला काय मिळतं? मी बराच विचार केला, एकही गोष्ट सापडली नाही. ब्लू-टंगला काय मिळतं? तेही नाही. विजेचं बिल आपलं वाचतं, बघायला मजा आपल्याला येते. किंमत मात्र त्या दोघांनी मोजायची. ब्लू-टंग वीस वर्षं सहज जगते. वीस वर्षं तिने अर्ध्या जागेत, दुसऱ्याच्या सावलीत काढायची हे मला मान्य नाही.

निळावंती

बहिणीला धागा पाठवला. तिच्यातला एक बिअर्डी खरंच दुसऱ्यापेक्षा खूप लहान राहिलाय, एकाच वेळी आणलेले असूनही. ती म्हणायची हा मुळातच नाजूक आहे.

रानभैरी

तिला आजच वेगळा करायला सांगा. तात्पुरतं प्लास्टिकचं मोठं खोकं चालेल, पण दिवा आणि यूव्हीबी दोन्ही त्याचे स्वतःचे हवेत. खूपदा महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. तरीही वजन वाढलं नाही तर विष्ठा तपासून घ्या.

यारा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकाने अख्खा धागा वाचला, बेलिंजर नदीचं दोनदा वाचलं. त्यानेच सांगितलं की दुसरी टाकी हवी, आणि सुट्टीत काम करून निम्मे पैसे तो देणार आहे. ब्लू-टंग घेतोय. आधीचे काही महिने ती खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहील, सगळं सामान वेगळं.

नंतरसाठी दोन प्रश्न. एक, जागा कमी असल्यामुळे दोन टाक्या एकावर एक ठेवायचा विचार आहे. कोण वर, कोण खाली? दोन, उन्हाळ्यात दोघांना हिरवळीवर एकत्र सोडलं तर चालेल का, थोडाच वेळ?

रानभैरी

ब्लू-टंग खाली, बिअर्डी वर. खालच्या टाकीच्या दिव्याची धग वरच्या टाकीच्या तळाला लागते. ब्लू-टंग थंडावा हवा असला की मातीत घुसते, तळच गरम असेल तर तिला सुटका नाही. बिअर्डी फांदीवर बसणारा, त्याला ते तितकं बाधत नाही. तरी दोन टाक्यांमध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवा आणि वरच्या टाकीच्या थंड कोपऱ्यात जमिनीलगत वेगळा थर्मामीटर लावा. प्रत्येक दिव्याला स्वतःचा थर्मोस्टॅट. यूव्हीबीची नळी उजेड देत असली तरी वर्षभराने बदला, कारण उजेड राहतो आणि यूव्हीबी कमी होत जातो.

हिरवळीवर एकत्र नको. एक दिवस हा, एक दिवस ती. पाण्याची वाटी वेगळी. समोर उभं राहा, इथले मॅगपाय आणि कूकाबरा हे पक्षी झडप घालायला वाट बघत नाहीत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बागेत गोगलगायी मारायच्या गोळ्या टाकत असाल तर बंद करा. गोळी खाल्लेली गोगलगाय ब्लू-टंगने खाल्ली की विष तिच्या अंगात जातं. मेलबर्नच्या बागांमधल्या कितीतरी ब्लू-टंग अशाच मरतात. काकूंनाही विचारून घ्या, गोगलगायी कुंपण बघत नाहीत.

घोडबंदर

वन विभागाचे लोक येऊन तारा कासव घेऊन गेले. कुठून आणलं ते विचारलं, पुतण्याने खरं सांगितलं. स्लायडरसाठी मोठी टाकी बघतोय. पाण्याची खोली किती ठेवू?

पशुवैद्यक_कोथरूड

फार चांगलं केलंत. खोली कमीत कमी त्याच्या कवचाच्या लांबीच्या दुपटीहून जास्त, मोकळं पोहता आलं पाहिजे. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा फळीसारखा ओटा, त्यावर गरम दिवा आणि यूव्हीबी. पाण्याला जोरदार फिल्टर. मादी असेल तर पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढेल, त्या हिशेबाने टाकी आत्ताच घ्या. त्यात दुसरं काही टाकू नका, मासेसुद्धा नाही.